ज खालचं टिंब

लखनौमधल्या सगळ्यात चांगल्या सेंटर-हाफचा राजीनामा मी घेतला. तो कुणीच मागितला नव्हता. देणारा देत नव्हता, कोच मागत नव्हते, कारखान्यालाही नको होता. पण मध्ये मी होतो आणि माझ्या टेबलावर टाइपरायटर होता.

या अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतल्या गमती’ मागितल्या आहेत. त्यांना मी आधीच कळवलंय, की गंमत अर्ध्या रस्त्यात उतरून जाईल, मग तक्रार करू नका.

मी वाघमारे. गाव तासगावच्या अलीकडे. पंचाहत्तर साली लखनौच्या एका सरकारी कारखान्यात वेल्फेअर विभागात कारकून म्हणून लागलो. लखनौवाल्यांच्या तोंडी माझं ‘बाघमारे’ झालं आणि पहिल्याच आठवड्यात कँटीनवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारून घेतलं, की बाघ कधी मारला. इंटरव्ह्यूमध्ये एका साहेबानं विचारलं होतं, “खेल-कूद में रुचि?” मी म्हणालो, “जी, बहुत.” वस्तुस्थिती अशी, की आठवी ते दहावी मी शाळेच्या खो-खो संघात बसून होतो. अक्षरशः बसून. मला खो कुणी दिलाच नाही. पण ‘बहुत रुचि’ फाइलीत गेलं आणि सात महिन्यांनी कारखान्याच्या हॉकी संघाचा मॅनेजर बदलीवर गेला तेव्हा फाइलीतून बाहेर आलं. पहिल्याच सामन्यात मी समोरच्या संघाच्या गोलला उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मॅनेजर हा शब्द मोठा फसवा आहे. बाहेरच्याला वाटतं, हा संघ चालवतो. संघ कोच चालवतात. मॅनेजर स्टिका मोजतो, लिंबं चिरतो, घोट्याला बांधायच्या पट्ट्या धुऊन वाळत घालतो, खेळाडूंच्या खात्यात जाऊन त्यांच्या ‘ऑन ड्यूटी’च्या चिठ्ठ्यांवर फोरमनच्या सह्या आणतो, आणि रेल्वेत खिडकीपाशी कुणी बसायचं यावरची भांडणं सोडवतो. पण खरं काम वेगळंच. कोच खेळाडूवर चिडले, की त्याच्याशी बोलत नाहीत, मॅनेजरला सांगतात. खेळाडू रुसला, की तोही कोचकडे जात नाही, मॅनेजरला सांगतो. म्हणजे हा मुळात निरोप्या. या नोकरीला एकच पात्रता लागते, दोन्हीकडची भाषा यावी लागते. नेमकी तीच माझ्याकडे नव्हती.

माझी हिंदी शाळेतली. पुस्तकातली सगळी अक्षरं तीच, त्यामुळे मला वाटायचं शब्दही तेच. हिवाळ्यात खेळाडू सरावाला उशिरा यायला लागले, तेव्हा मी स्वतःच्या हातानं नोटीस लिहून बोर्डावर लावली : ‘देर से आने वाले खिलाड़ियों को शिक्षा दी जाएगी.’ दुसऱ्या दिवशी सगळा संघ मुद्दाम उशिरा आला. गोलकीपरनं अतिशय अदबीनं विचारलं, “मैनेजर साहब, क्लास किस कमरे में लगेगी?” मग कुणीतरी मला समजावलं, की आपल्याकडे शिक्षा होते, इथे शिक्षा मिळते, तिचा अर्थ शिक्षण.

या प्रकारावर सगळ्यात जास्त हसला तो शब्बर. “हमारा भी नाम लिख लीजिए, बाघमारे भाई. मदरसे के बाद कहीं दाख़िला ही नहीं मिला.”

शब्बर अली आमचा सेंटर-हाफ. ज्यांनी हॉकी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळात गवतावर पुढे पाच जण खेळायचे, मागे दोन, आणि मध्ये तिघं. त्या तिघांतला मधला तो सेंटर-हाफ. मागून सुटलेला चेंडू त्याच्याकडे येतो आणि पुढच्या पाचांपैकी कुणाकडे जायचा ते तो ठरवतो. बाकीचे दहा जण खेळतात, तो विचार करतो. लग्नात जेवणाच्या पंगतीकडे बघून, कुठल्या पानावर काय कमी आहे ते न विचारता ओळखणारा एखादा मामा असतो ना, तसा.

शब्बर तसा होता. तिशीतला, बारीक, जरा पोक काढून चालणारा. चेंडू आला की तो थांबायचा. समोरचे दोघं धावत अंगावर यायचे आणि हा जणू वाट बघत उभा. अगदी जवळ आले की मनगट नुसतं वळायचं आणि चेंडू तिसरीकडेच, उजव्या कोपऱ्यात, आमच्या विंगच्या पायाशी. मला हॉकी कळत नव्हती, पण ते मनगट कळायचं. चौक या जुन्या मोहल्ल्यातली माणसं सायकली काढून त्याला बघायला यायची. त्याला उर्दू तेवढी लिहिता-वाचता यायची. हजेरीपटापुरती इंग्रजी सही शिकला होता, ती तो काढायचा, लिहायचा नाही. कसलाही कागद आला की माझ्याकडे आणून म्हणायचा, “पढ़े-लिखे आदमी हैं आप, देख लीजिए.”

त्याला शोधून आणलं होतं भानसाहेबांनी. भानसाहेब आमचे मुख्य कोच, फौजेतून निवृत्त सुभेदार, पांढऱ्या कल्ल्यांचे ठाकूर. चौकाच्या मागे एका मैदानावर अनवाणी खेळताना त्यांनी शब्बरला पाहिलं, त्याला बूट घातले, कारखान्यात चिकटवलं. पंधरा वर्षं तो त्यांच्या हाताखाली खेळला. ते त्याला सगळ्यांसमोर शिव्या द्यायचे आणि हा मान खाली घालून हसायचा. ईदला त्याच्या घरची शेवई भानसाहेबांकडे जायची आणि ते ‘मीठा ज़्यादा है’ म्हणत भांडं रिकामं करून परत पाठवायचे.

मग कारखान्यानं सहायक कोच नेमला. दीक्षित. पटियाळ्याहून डिप्लोमा घेऊन आलेला, गळ्यात शिट्टी, बगलेत काळा फळा. तो फळ्यावर गोल आणि बाण काढायचा. बाण सगळे सरळ जायचे. त्याचं म्हणणं, सेंटर-हाफनं चेंडू तीनदा स्टिकला लागायच्या आत सोडला पाहिजे. चौथ्यांदा लागला की शिट्टी.

“गेंद गिनती नहीं जानती, दीक्षित जी,” शब्बर म्हणाला.

“तुम जानते हो?” दीक्षित म्हणाला.

दीक्षित चुकीचं सांगत नव्हता, हे आज कबूल करतो. खेळ वेगवान होत होता आणि शब्बर थांबायचा. पण सांगण्याची एक रीत असते. पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाला बावीस जणांसमोर फळ्यापाशी उभा करून, ‘ये गोला तुम हो, और ये गोला ग़लत जगह है’ असं म्हणायचं नसतं. भानसाहेब अशा वेळी बुटाच्या नाड्या बांधत बसायचे. शब्बर त्यांच्याकडे बघायचा. ते वर बघायचे नाहीत. कोचनं कोचची बाजू घ्यायची, हा त्यांचा फौजी नियम. तो नियम शब्बरला ठाऊक होता आणि मान्य नव्हता.

ते सगळं एका उपांत्य सामन्यात फुटलं. एक-एक बरोबरी, दहा मिनिटं उरलेली. शब्बर चेंडू घेऊन थांबला, समोरच्यानं या खेपेला काढून घेतला, जेमतेम गोल वाचला. दीक्षित भानसाहेबांच्या कानाशी लागला. भानसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि हात वर केला. शब्बर बाहेर, बदली खेळाडू आत. पंधरा वर्षांत त्याला कुणी मधून बाहेर काढलं नव्हतं.

तो सावकाश चालत आला. भानसाहेबांना ओलांडून दीक्षितपाशी थांबला, आपली स्टिक दोन्ही हातांवर आडवी धरून त्याच्यापुढे केली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “लीजिए, अब आप खेल लीजिए. बोर्ड साथ लेते जाइएगा, रास्ता न भूल जाएँ.”

लोक हसून हसून लोळले. आम्ही सामना हरलो.

दीक्षितनं त्याच संध्याकाळी रिपोर्ट लिहिला : अनुशासनहीनता, संघातून काढा, नोकरीचाही विचार करा. खेळाच्या जागेवर भरती झालेला माणूस खेळत नसेल तर त्याची जागा टिकणं अवघड. शब्बरच्या घरी आई, बायको आणि दोन मुली, सगळं त्या जागेवर.

सोमवारी सकाळी भानसाहेबांनी मला मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली गाठलं. दुसऱ्या दिवशी ते निवड शिबिरासाठी पंधरा दिवस बाहेर जाणार होते. म्हणाले, “बाघमारे, जाने से पहले ये मामला निपटाना है. शब्बर से राज़ीनामा लिखवा लो.”

मी हादरलो. “लिखित में, सर?”

“लिखित में. दस्तख़त कराके दफ़्तर में जमा करो, ताकि दीक्षित का मुँह बंद हो. मैं कहूँगा तो वो अकड़ जाएगा, तुमसे हँसता-बोलता है. और सुनो, प्यार से.”

त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, राजीनामा मागताना भरणारच. केवढा शिस्तीचा माणूस, पोटच्या पोरासारख्या खेळाडूलाही नियमापुढे सोडत नाही! त्या शिस्तीनं भारावून मी ऑफिसात आलो आणि फाइलीत असलेल्या मसुद्यावरून सुबक इंग्रजीत टाइप केलं : मी स्वखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय, माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. एकही खाडाखोड नाही. माझं टायपिंग चांगलं होतं.

दुपारी शब्बरच्या खात्यात गेलो. तो मशीनला तेल घालत होता. मी खालच्या आवाजात म्हणालो, “शब्बर भाई, भान साहब ने राजीनामा लिखवाने को कहा है.”

त्यानं तेलाचं डबडं खाली ठेवलं. “ख़ुद कहा उन्होंने?”

“ख़ुद.”

“राज़ीनामा?”

“राजीनामा.”

आणि त्याचा चेहरा उजळला. मी बघतच राहिलो. तो हात फडक्याला पुसत म्हणाला, “और दीक्षित जी?”

“उनका मुँह बंद हो जाएगा, ऐसा साहब बोले.”

“लाइए, कहाँ दस्तख़त करें?” त्यानं कागदाकडे नुसतं पाहिलं. “लिखा क्या है इसमें?”

“वही, जो ऐसे काग़ज़ में लिखते हैं. कि अपनी मर्ज़ी से, बिना किसी दबाव के.”

“बिल्कुल. अपनी मर्ज़ी से,” तो म्हणाला, आणि जिभेचं टोक बाहेर काढून त्यानं ती सही काढली. मग मला मिठी मारली. तेलाचा डाग माझ्या सदऱ्यावर पडला. “ग़लती हमारी भी थी, बाघमारे भाई. बुज़ुर्ग आदमी के सामने ऐसा नहीं करना था. इंशाअल्लाह अगले सोमवार को ग्राउंड पर मिलते हैं.”

मी परत येताना मनात म्हणालो, बघा, हे लखनौ! आमच्याकडे राजीनामा देताना माणूस टेबल आपटतो, इथे मिठी मारतो. वर पुन्हा मैदानावर येईन म्हणतो, बिचारा, बाहेरून बघायला. घरी बायकोला हे कौतुकानं सांगायचं ठरवलं आणि त्या दिवशी नेमका विसरलो. सांगितलं असतं तर तिथेच सगळं थांबलं असतं. ती आमच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या भाजीवाल्यांशी घासाघीस करता करता माझ्या दुप्पट हिंदी शिकली होती.

सरकारी कारखान्यात रजेचा अर्ज मंजूर व्हायला तीन आठवडे लागत. शब्बरचा राजीनामा चार दिवसांत मंजूर झाला. दीक्षितनं तो ऑफिसात पाहिला आणि स्वतः टेबलाटेबलावर फिरवला.

पुढच्या सोमवारी सकाळी शब्बर खेळाचे कपडे घालून, नवी पट्टी गुंडाळलेली स्टिक घेऊन आला. कपडे बदलायच्या खोलीत मी आणि दीक्षित दोघंच होतो. त्यानं दीक्षितला वाकून आदाब केला आणि म्हणाला, “उस दिन के लिए माफ़ी चाहता हूँ.”

“माफ़ी कैसी? तुम तो इस्तीफ़ा दे चुके,” दीक्षित म्हणाला.

शब्बर हसला. माझ्याकडे वळला. “मैनेजर साहब, ज़रा बताइए इन्हें. राज़ीनामा हुआ है.”

“हाँ, राजीनामा,” मी म्हणालो.

“तो ये इस्तीफ़ा क्यों कह रहे हैं?”

मी अगदी निरागसपणे म्हणालो, “एक ही तो बात है.”

शब्बरला वाटलं, ‘शिक्षा’सारखी गंमत चाललीय. तो आणखी हसला. मग दीक्षितनं फाइलीतून कागदाची नक्कल काढली, ‘मंजूर’चा शिक्का दाखवला आणि शब्बरचं हसू बंद पडलं. खोलीत फक्त दीक्षितचं हसणं उरलं. त्याला माझी चूक माझ्या आधी कळली होती. खोकला येईपर्यंत हसला आणि म्हणाला, “अरे बाघमारे, राज़ीनामा मतलब समझौता! दो जने झगड़ें, फिर काग़ज़ पर लिख दें कि अब कोई शिकायत नहीं. वाह रे महाराष्ट्र!”

वाचकांनी मला त्या क्षणी पाहायला हवं होतं. आपल्याकडे ज्या शब्दानं नोकरी सुटते, त्यानं त्यांच्याकडे भांडण सुटतं. त्यांच्या ज खाली एक टिंब असतं, ते मला तीन वर्षांत ऐकूही आलं नव्हतं आणि दिसलंही नव्हतं.

शब्बर माझ्याकडे बघत होता, मग खाली मुंडी घातलेल्या माझ्याकडे बघून त्यानं त्याचा हिशोब केला, आणि तो चुकला. म्हणाला, “तो भान साहब ने ये चाल चली. राज़ीनामा बोलकर इस्तीफ़ा लिखवा लिया.” त्याला वाटलं मी बनाव करतोय, वरून सांगितलेलं बोलतोय. माझ्या भाषेत तो खरंच एकच शब्द आहे, हे त्याच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं उलगडत होतं. तो गेल्यावर मी तोंड उघडलं, ते दीक्षितपुढे.

“सर, मैं लिखकर देता हूँ कि ग़लती मेरी हुई.”

दीक्षितनं दार लोटलं. “लिख दो. जिस आदमी को अंग्रेज़ी नहीं आती, उससे तुमने झूठ बोलकर इस्तीफ़े पर दस्तख़त लिए. इसको धोखाधड़ी कहते हैं. तुम प्रोबेशन में हो न? एक बार बढ़ भी चुका है?”

वाढलेलं होतं. कशासाठी, ते सांगत नाही. तीही एक अशीच नोटीस होती.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकलं. “अहो, राज़ीनामा म्हणजे मिटवामिटवी. एवढं मला भाजीवाल्यानं सांगितलं असतं.”

“नोकरी जाईल माझी.”

“त्याची गेलीय. उद्या जा आणि सांगा, मला हिंदी येत नाही. त्यात काय खोटं आहे? सगळ्या लखनौला माहितीय.”

पोळी करपली. तीच मला वाढली.

शब्बरनं युनियनमार्फत तक्रार केली आणि गुरुवारी पर्सोनेल ऑफिसर सक्सेनासाहेबांनी आम्हा दोघांना समोरासमोर बोलावलं. सक्सेनासाहेब सज्जन माणूस. शब्बरला खुर्ची दिली. तो बसला नाही. त्यानं सांगितलं, “हुज़ूर, मुझसे राज़ीनामा कहकर दस्तख़त लिए गए. मैनेजर साहब सामने हैं, इन्हीं से पूछ लीजिए. जो ये कह दें, हमें मंज़ूर.”

हे तो का म्हणाला, याचा मी नंतर फार विचार केला. बनाव वरच्यांचा आहे अशी त्याची समजूत होती, पण माझ्यावर त्याचा राग नव्हता. तोंडावर विचारलं तर हा माणूस खोटं बोलणार नाही, असं त्याला वाटत होतं. तसं वाटणारा कारखान्यात तो एकटाच.

सक्सेनासाहेबांनी मला विचारलं, “बाघमारे, आपने इनसे क्या कहा था? राज़ीनामा या इस्तीफ़ा?”

मी म्हणालो, “इस्तीफ़ा.”

माझ्या हिंदीतलं हे एकमेव वाक्य असेल ज्यात एकही चूक नव्हती.

“समझकर दस्तख़त किए?”

“जी. समझकर.”

शब्बरनं टोपी डोक्यावर नीट केली, सक्सेनासाहेबांना सलाम केला. माझ्या जवळून जाताना म्हणाला, “ख़ुदा हाफ़िज़, बाघमारे साहब.” तोपर्यंत मी ‘भाई’ होतो.

घरी बायकोनं विचारलं, “सांगितलंत?”

“विचारलंच नाही कुणी,” मी म्हणालो.

भानसाहेब शिबिराहून आले आणि सामान न ठेवता थेट माझ्या टेबलापाशी. “इस्तीफ़ा दे दिया उसने? मेरा नाम लेकर कहा था तुमने?”

“जी सर. मैंने तो राज़ीनामे की ही बात की थी,” मी म्हणालो. “वो बोले, इस्तीफ़ा दूँगा.” तीन वर्षांत ज खालच्या टिंबाचा उच्चार मी पहिल्यांदा बरोबर केला.

भानसाहेब खुर्चीत बसले. माझ्या टाइपरायटरकडे बघत होते. “पंद्रह साल,” एवढंच म्हणाले. “एक बार घर आ जाता. दरवाज़े पर खड़ा हो जाता, बस.”

तिकडे शब्बरनं चौकात सगळ्यांना सांगितलं होतं, की सुभेदारानं दग्यानं सही घेतली. दोघांची घरं सायकलनं वीस मिनिटांवर. दोघंही आपल्या जागी बरोबर आणि दोघांच्याही हाती माझं एकेक खोटं. ईदला शेवई आली नाही. भानसाहेबांनी त्या दिवशी मला विचारलं, “कोई डिब्बा तो नहीं आया दफ़्तर में?” मी नाही म्हणालो. ते मात्र खरं होतं.

पुढच्या मोसमात आमचा नवा सेंटर-हाफ चेंडू तीनदा लागायच्या आत सोडायचा. कुणाकडे, ते त्याला माहीत नसायचं. सायकलवाले यायचे बंद झाले. दोन वर्षांत भानसाहेब गावी निघून गेले. दीक्षित मुख्य कोच झाला, मग क्रीडा अधिकारी. माझं प्रोबेशन संपलं, मी कायम झालो, पुढे वेल्फेअरचा सुपरवायझर. तेलीबागेत घर बांधलं. पोरं हिंदी बोलत मोठी झाली. आम्ही मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. माझी हिंदी आता इतकी सुधारली होती, की नव्या मराठी माणसांना मीच सावध करायचो : शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न. मंडळी हसायची. राजीनामा मी त्या यादीत कधी घेतला नाही.

शब्बर एकतीस-बत्तिसाचा होता. दुसऱ्या कुठल्या संघानं घेतलं नाही. कोचला उलटून बोलतो आणि स्वतःची सही नाकारतो, अशी त्याची ख्याती आम्हीच करून ठेवली होती. तो चौकात मेहुण्याकडे चिकनकारीच्या कापडाच्या छपाईला बसला. कशिदा काढण्याआधी कापडावर नक्षी उमटवावी लागते. लाकडी ठसा कच्च्या निळ्या रंगात बुडवायचा आणि ठोकायचा. हे मला ऐकून माहीत होतं. त्या गल्लीच्या तोंडावरून मी कितीदा गेलो असेन. आत गेलो नाही.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत भानसाहेब गावी वारल्याची बातमी ऑफिसात आली. त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, शेवटी शेवटी बाबूजी लोकांना ओळखत नव्हते, फक्त ‘शब्बर को बाहर नहीं निकालना था’ म्हणायचे. मी तो फोन खाली ठेवला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायको म्हणाली, “आता जाताय?” मी चपला घातल्या.

शब्बर खाली बसून काम करत होता. केस पांढरे, हात कोपरापर्यंत निळे. पुढे फळीवर मलमल पसरलेली. ठसा उचलायचा, थांबायचा, आणि मग मनगट वळायचं. तेच मनगट. एका बाजूला कोयऱ्यांची ओळ उमटत चालली होती, एकही वाकडी नाही.

त्यानं मला ओळखलं. “आइए, बाघमारे साहब. तशरीफ़ रखिए.” चहा सांगितला. लखनौत शत्रूलाही चहा सांगतात, आणि मला तर त्यानं शत्रूदेखील मानलं नव्हतं.

भानसाहेब गेल्याचं सांगितलं. त्याचा ठसा हवेतच राहिला. मग त्यानं तो हळूच बाजूला ठेवला, कापडाबाहेर. “अल्लाह मग़फ़िरत करे,” म्हणाला. “हमसे तो दुश्मनी कर गए, मगर खेल उन्हीं का दिया हुआ था.”

“दुश्मनी नहीं की,” मी म्हणालो. आणि मग सांगितलं. एका दमात, नऊ वर्षं तोंडात धरून ठेवलेलं. की आमच्या भाषेत राजीनामा म्हणजेच इस्तीफ़ा. की भानसाहेबांनी समझोताच सांगितला होता, डोळ्यांत पाणी आणून, प्रेमानं करून घे म्हणाले होते. मी ऐकलं भलतंच. त्यांनी चाल केली नव्हती. शेवटपर्यंत तुझी वाट बघितली त्यांनी, शब्बर भाई. दोष त्या एका शब्दाचा.

शब्बर ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं विचारलं, “प्यार से, कहा था?” मी हो म्हणालो. त्यानं निळ्या बोटांनी डोळे पुसले आणि गालावर निळा पट्टा उमटला. चहा आला. त्यानं माझा कप उचलून माझ्या हातात दिला. मला वाटलं, सुटलो. शब्दाचीच तर चूक, हा समजूतदार माणूस आहे, आता हसेल, ‘शिक्षा’ची आठवण काढेल.

मी म्हणालोसुद्धा, “क्या करें, शब्बर भाई, ज़बान का फेर हो गया.”

त्यानं ठसा पुन्हा रंगात बुडवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मतलब तो आपको उसी सोमवार समझ में आ गया था, साहब. उसके बाद नौ साल आप किस ज़बान में चुप थे?”